अकरा मिनिटं

पहिल्यात एक जोडपं घर घेतं.
घर स्वस्त आहे. का स्वस्त, हे कुणी विचारत नाही.
मी दाराशी, टॉर्च विझवून, मनात म्हणते :
बाई, सही करण्याआधी निदान तळघर तरी बघायचं.

दुसऱ्यात एक मुलगी, पाठमोरी.
केस ओले. वळतेय, वळतेय
आणि पडदा काळा.
कुणीतरी ढोलावर एकदाच हात आपटतो.
सहाव्या रांगेत हेइमोच्या नातवाचे पॉपकॉर्न उडतात.
ते मलाच झाडायचेत,
म्हणून माझं लक्ष मुलीपेक्षा तिकडे जास्त.

केमीत डिसेंबरात दुपारी दोनलाच दिवस बुडतो.
लोक काळोखात कामावर जातात, काळोखात परततात,
आणि वर पदरचे बारा युरो मोजून
आणखी थोडा काळोख विकत घेतात.
पडद्यावरचा निळा असतो, ओला, चकचकीत.
आमचा तसा नाही. आमचा जुन्या लोकरी मोज्यासारखा,
वापरून वापरून मऊ पडलेला.
त्यात आम्ही किल्ल्या शोधतो, कुत्री फिरवतो,
शेजारीण ओळखतो तिच्या खोकल्यावरून.

बावीस वर्षं, दर शुक्रवारी, अकरा मिनिटं
मी येऊ घातलेली भुतं बघते.
मग दार लोटून काउंटरवर जाते, कॉफीचं यंत्र धुवायला.
सुरुवाती मला शेकड्यांनी पाठ आहेत.
शेवट एकही नाही.

लोकांना वाटतं, हिला सगळं ठाऊक.
खेळ सुटल्यावर तो नातू विचारतो, कोट उलटा घालत :
ती ओल्या केसांची, वाईट आहे का?
मी म्हणते, सर्दी झालीय तिला.
तो विचार करतो. पटलेलं दिसतं.

काल तिसरा नवीन होता.
गोठलेला समुद्र, वरून, फार वरून.
एक घसरगाडी. मासे धरायला पाडलेलं भोक.
शेजारी थर्मास, झाकण उघडं, वाफ.
माणूस नाही.
अक्षरं आली : तो गेला कुठे?
मग बर्फ किंचाळला.

बर्फ किंचाळत नाही.
त्या आवाजवाल्यांना कळवा कुणीतरी.
बर्फ आधी गुणगुणतो, दूरवर, ताणलेल्या तारेसारखा,
मग पायाखाली चिमणीएवढं काहीतरी चिवचिवतं,
आणि नंतर, पुष्कळ नंतर,
काही ऐकू येत नाही.

वाफही खोटी.
थर्मास सापडला तेव्हा कॉफी कोमट होती.
यारमो तीन चमचे साखर घालायचा,
ती तळाशी तशीच, न ढवळलेली.
मार्च, एकोणीसशे शहाऐंशी. मी सोळा वर्षांची.
पोलीस स्वयंपाकघरात, ओले बूट न काढता.
आई त्यांच्या बुटांकडेच बघत होती.
आमचं एवढंच.

पडद्यावर मात्र पुढचं होतं :
एक हातमोजा, एका बाईचे डोळे,
कुत्रं भुंकतंय कशाकडे तरी,
सगळं अर्ध्या अर्ध्या सेकंदाचं.
म्हणजे यांच्यापाशी उत्तर आहे.
दोन तास बसलं की कुणीतरी येऊन सांगणार आहे.

हातातला टॉर्च कधी लागला कळलं नाही.
पुढून कुणीतरी श्श केलं.

फेब्रुवारीचा शेवटचा शुक्रवार.
पिर्कोला मी त्या दिवसाची रजा सांगून ठेवलीय.
तिने कारण विचारलं नाही, वहीत लिहिलं : तुइया, सुट्टी.
सुट्टी घरी बसायला,
की चौदा नंबरच्या खुर्चीत, दाराकडे पाठ करून,
ते मी तिला सांगितलं नाही.
ते मलाही

मीठ संपलंय. पिशवी तळघरात आहे.
तिथला दिवा महिनाभर गेलेला.
मी तशीच उतरते, भिंत चाचपत.
बारा पायऱ्या. सातवी हलते.